विज्ञानासाठी चंद्राला इजा करणं कितपत नैतिक आहे?

तुमचा मुद्दा थोडक्यात असा: पाणी शोधायचं म्हणून नासाने २००९ मध्ये चंद्रावर चक्क रॉकेट आदळवलं. जो चंद्र साऱ्या जगाचा आहे, त्याला संशोधनाच्या नावाखाली इजा करायचा हक्क यांना कुणी दिला?

हक्काचं नंतर बोलू, आधी इजा किती झाली ते पाहू. एलक्रॉस मोहिमेत सेंटॉर रॉकेटचा रिकामा टप्पा, वजन सुमारे २३०० किलो, ९ ऑक्टोबर २००९ ला ताशी ९००० किलोमीटर वेगाने दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात आदळला. मागून येणाऱ्या छोट्या यानाने उडालेल्या धुरळ्याची मोजमापं घेतली आणि चारेक मिनिटांत तेही तिथेच कोसळलं. त्या धुरळ्यात बाष्प आणि बर्फ मिळून सुमारे १५५ किलो पाणी आढळलं. खड्डा पडला पंचवीस-तीस मीटरचा, आणि कॅबियसचा व्यास शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. १७ मार्च २०१३ ला जेमतेम ४० किलोचा एक दगड अवकाशातून येऊन चंद्रावर पडला आणि त्यानेही अठरा मीटरचा खड्डा केला. असे दगड तिथे कोट्यवधी वर्षं पडत आलेत. चंद्राला वेदना नाहीत, तिथे जीवसृष्टी नाही, आणि त्या धडकेने त्याची कक्षा हलली असं म्हणणं तर निव्वळ भाबडेपणा. त्यामुळे नुसत्या खड्ड्यावरून नासाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. भारताच्या चांद्रयान-१ नेही १४ नोव्हेंबर २००८ ला आपलं मून इम्पॅक्ट प्रोब असंच आदळवलं होतं. त्याआधी अमेरिकेच्या अपोलो १२ मोहिमेच्या अंतराळवीरांनी काम संपलेलं यान मुद्दाम चंद्रावर पाडलं, तेव्हा पृष्ठभागावर ठेवलेल्या भूकंपमापकात जवळजवळ तासभर कंपनं नोंदली गेली. चंद्राच्या पोटात काय आहे, हे कळायला अशा धडकांचा मोठा उपयोग झाला.

पण ‘विज्ञानासाठी’ हा शब्द आला की लगेच मान डोलवू नका. १९५८ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने चंद्रावर अणुबॉम्ब फोडायचा विचार केला होता. कागदोपत्री नाव काय, तर ‘चांद्र संशोधन उड्डाणांचा अभ्यास’! पुढे नामवंत खगोलशास्त्रज्ञ झालेले तरुण कार्ल सेगन त्यावर आकडेमोड करत होते. स्फोट पृथ्वीवरून दिसावा आणि सोव्हिएत संघाला धडकी भरावी, हा खरा हेतू. प्रकल्प बारगळला म्हणून बरं. पुढे १९६७ च्या अंतराळ कराराने चंद्रावर अण्वस्त्रं ठेवायला आणि शस्त्रांच्या चाचण्या घ्यायला बंदी घातली.

मला खरी काळजी वाटते ती ज्याचा गाजावाजा होत नाही अशा नुकसानीची. ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत सूर्यकिरण पोचलेला नाही. तिथलं तापमान काही ठिकाणी उणे २४० अंश सेल्सियसच्याही खाली जातं. धूमकेतू आणि लघुग्रहांबरोबर आलेलं पाणी, कार्बनी संयुगं, जे काही तिथे अडकलं ते तसंच गोठून राहिलं असण्याची शक्यता आहे. पृथ्वीवर पाणी आणि जीवनाचा कच्चा माल कुठून आला, याचा पुरावा कदाचित तिथेच मिळेल. आता यान उतरताना काय होतं पाहा. इंजिनातून पाण्याची वाफ आणि इतर वायू बाहेर पडतात. चंद्रावर त्यांना अडवायला हवा नाही, त्यामुळे हे रेणू उड्या घेत शेकडो किलोमीटर दूर जातात आणि शेवटी त्याच गार विवरांत जाऊन गोठतात. म्हणजे यान विवरापासून लांब उतरलं तरी त्याचा धूर तिथे पोचतो. मग उद्या तिथे मिथेन सापडला, तर तो धूमकेतूचा की आपल्याच इंजिनाचा? पंचनामा होण्याआधीच घटनास्थळी गर्दी करण्यातला हा प्रकार. खड्डा निदान डोळ्यांना दिसतो आणि एका जागी राहतो.

आता हक्काबद्दल. १९६७ चा करार चंद्र कुणाच्याही मालकीचा नाही असं सांगतो आणि हानिकारक प्रदूषण टाळा असंही म्हणतो, पण ‘हानिकारक’ म्हणजे किती, ते सांगत नाही. १९७९ चा चंद्र करार जास्त स्पष्ट आहे, पण अमेरिका, रशिया आणि चीन त्यात नाहीत. भारताने सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. विचारायचंच नाही असा शिरस्ता पडला की काय होतं, ते अमेरिकेतल्या नव्हाहो या आदिवासी लोकांना विचारा. चंद्र त्यांना पवित्र. मेलेल्या माणसाची राख तिथे नेण्याला त्यांनी १९९८ मध्ये हरकत घेतली, आणि २०२३-२४ मध्ये त्यांना पुन्हा तेच म्हणावं लागलं. त्यांच्या श्रद्धेला नकाराधिकार द्यावा असं मी म्हणणार नाही, पण यान निघायच्या आधी त्यांना विचारायला काय हरकत होती?

म्हणून माझं उत्तर सरसकट हो किंवा नाही असं नाही. एलक्रॉसला मी हो म्हणेन: एकच धडक, ठरलेली जागा, आधी जाहीर केलेली, आणि हाती लागलेलं ज्ञान मोठं. ध्रुवांवर एकामागून एक याने उतरवायच्या घाईला मात्र लगेच हो म्हणवत नाही. कोस्पार ही आंतरराष्ट्रीय समिती तिथे जाणाऱ्या मोहिमांना सोबत नेलेल्या आणि इंजिनातून सोडलेल्या सेंद्रिय, म्हणजे कार्बनी पदार्थांची नोंद ठेवायला सांगते. ते चांगलंच आहे, पण ती फक्त मार्गदर्शक सूचना आहे, कायदा नाही. माझ्या मते दोन-तीन विवरं तरी, तिथला पहिला स्वच्छ नमुना हाती येईपर्यंत, सगळ्यांनी मिळून राखून ठेवायला हवीत, आणि त्यांच्या आसपास उतरायची परवानगी कुणालाच नसावी, भारतालाही नाही.