युद्धक्षेत्रात कामाला जाताना घरच्यांशी ऑनलाइन संपर्क कसा ठेवावा? कोणतं ॲप चांगलं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांसाठी निघालाय, रोज व्हिडिओ कॉल करायचाय, आणि काळजी नको म्हणून तिथलं घरी काहीच सांगणार नाही. ॲपचं शेवटी सांगतो. ते शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही, कारण हे मी केलेलं आहे.

२०१६ साली मी दक्षिण सुदानमध्ये, जुबाला होतो. एका संस्थेच्या कंपाउंडमधले जनरेटर आणि इन्व्हर्टर माझ्याकडे होते. ८ जुलैच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाबाहेर गोळीबार सुरू झाला. आत राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, उपराष्ट्राध्यक्ष रिक माचार एकत्र बसलेले होते. मी त्या वेळी आईशी फोनवर बोलत होतो.

"कसला रे आवाज?"

निघतानाच दादाने बजावलं होतं, आईला बीपी आहे, तिकडचं तिच्या कानावर घालायचं नाही. मी म्हणालो, "उद्या ९ जुलै, यांचा स्वातंत्र्यदिन. फटाके वाजतायत."

दुसऱ्या दिवशी पुतणीने तिला बातमी वाचून दाखवली. लढाई तर होतीच, शिवाय तिजोरीत पैसे नाहीत म्हणून सरकारने त्या वर्षीचा स्वातंत्र्यदिनाचा सोहळाच रद्द केलेला होता.

१० तारखेला लढाई पुन्हा पेटली, रणगाडे आणि हेलिकॉप्टरसुद्धा आले. आम्ही अकरा जण जिन्याखालच्या खोलीत. डिझेल पुरवून वापरायचं म्हणून जनरेटर बंद, आणि जनरेटर बंद म्हणजे व्हीसॅट, म्हणजे उपग्रहावरून येणारं आमचं इंटरनेट, बंद. मोबाइलला आमच्याकडे रेंज नव्हती. रात्री मी यूपीएसवरचं बाकी सगळं काढून फक्त मोडेम आणि राउटर जोडला. दहा-बारा मिनिटं मिळतील असा हिशेब होता. सगळ्यांना सांगितलं, एक ओळ लिहा आणि बाजूला व्हा. कॉल नाही, फोटो नाही. एकाला राहवलं नाही, त्याने मुलीला व्हिडिओ कॉल लावला. बाकीच्यांना काही उरलंच नाही. पाच जणांचे मेसेज घड्याळाच्या चिन्हावर अडकले, त्यात माझा. मग यूपीएस किरकिरला आणि राउटरचा हिरवा दिवा गेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याची मुलगी चार वर्षांची होती. पण रोज व्हिडिओ कॉल हवा म्हणता तेव्हा मला तो दिवा आठवतो.

तिकडे आईच्या मेसेजना एकच टिक. लास्ट सीन रविवार सकाळचं, ते बदलेना. वहिनी नंतर म्हणाली की दोन दिवस आईने कोणालाही तिच्या नंबरवर फोन करू दिला नाही, लाइन मोकळी हवी म्हणून. दादा संस्थेच्या मुख्य कार्यालयात फोन करत राहिला. तिथे कोणी उचलेना, आणि दुसरा नंबर मी घरी दिलेलाच नव्हता. द्यायचा तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

११ तारखेला संध्याकाळी युद्धबंदी जाहीर झाली. १२ ला दुपारी लाइन आली. आई रडली नाही. म्हणाली, "झाले का फटाके?" आणि मग, "आता तू ठीक आहे म्हणालास तरी मी काय समजू?"

त्यानंतर कितीतरी दिवस तेच. व्हीसॅटचा उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे प्रश्न आणि उत्तरात अर्धा सेकंद जातोच. "बरा आहेस ना?" नंतरच्या त्या अर्ध्या सेकंदात मी काहीतरी जुळवतोय असं तिला वाटायचं.

१४ तारखेला भारतीयांना परत न्यायला आपल्या हवाई दलाची विमानं जुबाला आली, ऑपरेशन संकटमोचन. मी गेलो नाही. का थांबतोय, धोका किती, रात्री कुठे झोपतो, सगळं आईला सांगितलं. दादा भडकला. आई त्या रात्री झोपली.

मग आम्ही तीन शब्द ठरवले. 'पोचलो'. 'आत' म्हणजे बाहेर पडता येत नाही, पण बरा आहे. 'नेट जाणार' म्हणजे ४८ तास वाट बघायची, त्यानंतर आधी माझ्या साइटवरचा माणूस, मग दूतावास, दोघांचे नंबर तिच्याकडे. तुम्ही निघायच्या आधी हे करा. दादा आजही म्हणतो की बायकामाणसांना आणि म्हाताऱ्यांना असलं सांगायचं नसतं. त्या दोन दिवसांत त्याने आईला काय सांगितलं असतं, हे मी त्याला अनेकदा विचारलंय. त्याच्याकडे उत्तर नाही. कारण त्यालाही काही माहीत नव्हतं.

सगळं म्हणजे प्रेतांची वर्णनं नव्हेत. आणि लष्करात किंवा शांतिसेनेत असाल तर तुमच्या अधिकाऱ्यांचे नियम आधी, माझं नंतर. लाइव्ह लोकेशन, खिडकीतून काढलेले धुराचे फोटो कुठेच टाकू नका. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या ॲपच्या नकाशावरून सीरिया-अफगाणिस्तानातले लष्करी तळ दिसले होते. तपासणी नाक्यावर फोन उघडून बघतात, गॅलरी रिकामी ठेवा.

ॲप: व्हॉट्सॲप आणि सिग्नल, दोन्ही. एक चाललं नाही तर दुसरं. घरच्यांना एक टिक म्हणजे काय ते आधी समजावा: मेसेज त्यांच्याकडून गेलाय, तुमचा फोन बंद आहे किंवा नेट नाही, इतकंच. मी आईला हे १२ तारखेनंतर सांगितलं.