तांबं ओळखणारे जिवाणू का मरगळतात?

प्रश्न : मॅडम, श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे. कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातलं तांबं विहिरीत उतरतं का, हे ओळखणारा ई. कोलाय जिवाणू मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तयार केलाय. तांबं आलं की चालू होणारा कॉप-ए जनुकाचा प्रमोटर, म्हणजे जनुकाचं बटण, त्याच्यापुढे हिरवं चमकणारं जीएफपी प्रथिन; हे सगळं सर्किट पीयूसी प्लास्मिडवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या जोरावर टिकवलेलं (त्याच्या प्रतिकाराचं जनुक प्लास्मिडवरच आहे). सुरुवातीला मस्त चमकतो, पण वाढ मंद आहे. रोज नव्या ब्रॉथमध्ये घालत गेलं की आठवड्याभरात चमकच जाते. गाईड म्हणतात, मेटाबॉलिक बर्डन, म्हणजे सर्किटचा पेशीवर पडणारा बोजा. तो कमी कसा करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : गाईडचं निदान बरोबर असेलही, पण त्यावर आधी शिक्का मारू नकोस. तांबं स्वतःच ई. कोलायला विषारी असतं. म्हणून रिकाम्या प्लास्मिडचे आणि तुझ्या सर्किटचे जिवाणू शेजारी शेजारी वाढव, तांब्यासह आणि तांब्याशिवाय. तांबं नसतानाही तुझाच मागे पडला, तर बोजा सर्किटचा.

चमक गेलेल्या कल्चरचं काय झालं हे तर दोन प्लेट सांगतील. एक अँपिसिलिनची, एक साधी. अँपिसिलिनवर वसाहती फारच कमी आल्या तर बहुतेकांनी प्लास्मिडच टाकून दिलंय. अँपिसिलिनचा हा घोळ जुनाच आहे: प्रतिकार करणारं एन्झाइम बाहेर माध्यमात येऊन औषधच संपवतं आणि प्लास्मिड नसलेल्यांचीही सोय होते. भरपूर वसाहती आल्या पण चमकत नाहीत, तर सर्किट म्युटेशनने मोडलंय.

एवढं लवकर कसं होतं? हिशोब कर. सर्किटवाला 40 मिनिटांत दुप्पट होतो आणि सर्किट टाकून दिलेला 30 मिनिटांत, असं धर. 10 तासांत पहिल्याच्या 15 पिढ्या, दुसऱ्याच्या 20. म्हणजे एका रात्रीत दुसरा 32 पट पुढे! आणि तू रोज त्याच कल्चरमधून पुढचं लावतेस. ते आजच थांबव. पहिल्या चमकदार वसाहतीचे ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे गोठवायचे नमुने, करून उणे 80 अंशांना ठेव आणि प्रत्येक प्रयोग तिथूनच सुरू कर. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा एक संच दुसऱ्या फ्रीजरमध्येही असू दे.

आता बोजा. पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोझोम मोजकेच. लावणीच्या ऐन दिवसांत घरचे गडी दुसऱ्याच्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, राबायला गेले तर आपला कुणगा पडूनच राहणार; जीएफपीच्या संदेशांवर (एमआरएनएवर) रायबोझोम अडकले की पेशीचं तेच होतं. त्यामुळे माझा पहिला हात आरबीएसवर, म्हणजे संदेशावर रायबोझोम जिथे बसतो त्या भागावर. तो कमकुवत कर. चमक कमी होईल, होऊ दे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. तुला या आकड्यांजवळ पार्श्वभूमीपेक्षा स्पष्ट वेगळी चमक हवी, ट्यूबलाइट नको. मोजताना चमक ओडीने, म्हणजे कल्चर किती दाट आहे त्या आकड्याने, भागायला विसरू नकोस, नाहीतर मंद वाढलेलं कल्चर उगाच फिकं दिसेल.

दुसरं, पीयूसी सोड. त्याच्या पेशीत शेकडो प्रती असतात. पी15ए प्रकारच्या प्लास्मिडच्या दहा-पंधरा, पीएससी101 प्रकारच्या पाचेक. तुझ्या बाबतीत याचा दुहेरी फायदा आहे, आणि तो गाईडनाही दाखव. कॉप-एचा प्रमोटर चालवणारं क्यू-आर हे नियंत्रक प्रथिन तू प्लास्मिडवर दिलेलं नाहीस, ते पेशीच्या गुणसूत्रावरून थोडंच येतं. त्याला शेकडो प्रमोटरचे वाटेकरी आले, तर पेशीच्या स्वतःच्या तांबं बाहेर फेकणाऱ्या पंपाला ते कमी पडू शकतं. म्हणजे तांब्याचा त्रास आणि सर्किटचा बोजा तुझ्या नळीत एकमेकांत गुंतलेले असण्याची शक्यता आहे. प्रती कमी केल्या की दोन्ही सुटायला मदत होईल. प्लास्मिड बदलतेच आहेस, तर कॅनामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचं घे, म्हणजे अँपिसिलिनचा तो घोळही टळेल.

विहिरीचं पाणी लॅबमध्ये आणायचं, जिवाणू विहिरीवर न्यायचे नाहीत, हे वाडीवरच्या हौशी मंडळींना सांगून ठेव. जनुकं बदललेल्या सूक्ष्मजीवांसाठीच्या 1989 च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. काम झालं की सगळं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक.

वाचताना तुला लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या फ्रान्चेस्का चेरोनी, टॉम एलिस वगैरेंचं काम सापडेलच. 2015 मध्ये त्यांनी गुणसूत्रावर जीएफपी बसवून सर्किटमुळे पेशीची क्षमता किती घटते ते मोजलं. 2018 मध्ये बोजा वाढला की सर्किट आपोआप मंदावेल अशी योजना केली, डीएनए न कापता जनुक रोखणारं निष्क्रिय कॅस9 प्रथिन वापरून. वाचायला सुरेख आहे. पण ते कॅस9 हे आणखी एक मोठं प्रथिन, त्याचाही भार पेशीवरच. एमएस्सीच्या वर्षात त्या वाटेला जाऊ नकोस. आरबीएसचे तीन-चार प्रकार पी15एवर करून बघ आणि आकडे मला पाठव.