व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या ऑटोमेशनला हात घालण्याआधी

हिंजवडीत पहिलीच नोकरी आणि हातात व्हर्च्युअल डेस्कटॉपचं ऑटोमेशन, म्हणजे सर्व्हरवर चालणारे, दुरून वापरायचे डेस्कटॉप स्क्रिप्टने उभे करणं. छान काम मिळालंय तुला. पण लगेच स्क्रिप्ट लिहायला बसू नकोस. एक डेस्कटॉप आधी हाताने उभा कर, प्रत्येक पायरी वहीत उतरव. हाताने नीट जमलं नाही, तर टेराफॉर्म (स्क्रिप्टवरून मशीन्स उभी करणारं साधन) तीच चूक शंभर मशीनवर करेल.

सगळा जीव गोल्डन इमेजमध्ये, म्हणजे ज्यावरून बाकीची मशीन्स तयार होतात त्या मूळ साच्यात असतो. तिला आवृत्ती क्रमांक दे, आणि सिसप्रेप (विंडोजमधून त्या मशीनची खास ओळख पुसणारं साधन) चालवण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची प्रत, घेच. युजरचं प्रोफाइल (त्याच्या सेटिंग्ज आणि फाइल्स) एफएसलॉजिक्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने वेगळ्या शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरवर ठेव, म्हणजे मशीन कधीही पुसून नवं उभं करता येतं.

अझुरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) असशील तर हे पक्कं लक्षात ठेव: होस्ट पूलचं (डेस्कटॉप देणाऱ्या मशीन्सच्या गटाचं) रजिस्ट्रेशन टोकन, म्हणजे नव्या मशीनला त्या गटात घेणारी चावी, जास्तीत जास्त २७ दिवस चालतं. मी ते स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवलं होतं. महिन्याभराने एका सोमवारी नवी मशीन्स उभी राहिली, पण पूलमध्ये एकही आलं नाही. सकाळच्या शिफ्टची माणसं लॉगिनसाठी ताटकळली, त्यांचे चेहरे अजून आठवतात. आता स्क्रिप्ट दर वेळी नवं टोकन घेते.

सेल्फ-सर्व्हिसमध्ये, म्हणजे युजरने स्वतःच करायच्या गोष्टींत, काय द्यायचं हे मीटिंगमध्ये ठरवू नकोस. दोन दिवस हेल्पडेस्कच्या शेजारी बसून फोन ऐक. बहुतेकांना फक्त रीस्टार्ट आणि अडकलेलं सेशन बंद करणं हवं असतं. तेवढंच आधी दे. नवा डेस्कटॉप मात्र मॅनेजरच्या मंजुरीनेच, आणि त्याला मुदत घाल. नाहीतर नोकरी सोडून गेलेल्यांची मशीन्सही बिलात दिसत राहतात.