बर्डीवरचा दुकानदार '4 जीबी ग्राफिक्स' म्हणतोय? माझं 2018 ऐका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि 2018 चा जून आठवला. तुमची मुलगी नागपुरात हिंगणा रोडच्या कॉलेजात कॉम्प्युटरला लागली, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा, बजेट 60 हजार, काम म्हणजे लेक्चर, कोडिंग, एक्सेल, यूट्यूब. आणि दुकानदार म्हणतो, "ग्राफिक्सवालाच घ्या, नाही तर पस्तावाल." म्हणजे चित्र-व्हिडिओसाठी वेगळी चिप आणि तिची स्वतःची मेमरी असलेला. मलाही बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) असाच एक भेटला होता. तेव्हा आकडा 2 जीबीचा होता, एवढाच फरक.

आधीच सांगतो, मी टेक्निशियन नाही. टॅली आणि जीएसटी रिटर्नवर माझं पोट आहे. जाणकारांनी चुकलं तिथं बिनधास्त टोका.

तर मी तो लॅपटॉप घेतला. पैसे ग्राफिक्सवर गेले म्हणून एसएसडी (वेगवान डिस्क) नाही, रॅम 4 जीबी. वर्षभर रडतखडत चालला. 2019 च्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास स्क्रीन गोठायचा, मग निळा पडदा, त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' (म्हणजे ग्राफिक्सने वेळेत उत्तर दिलं नाही), आणि मशीन रिस्टार्ट. बाहेर 45 अंश, घरात कूलर. वॉरंटीचे तीन आठवडे शिल्लक होते.

सर्व्हिस सेंटरला नेला. तिथं एसी असा की अंगावर शाल घ्यावी. काउंटरवरच्या पोराने अर्धा तास चालवून पाहिला, मशीन मस्त चाललं. "ड्रायव्हर अपडेट करा, परत झालं तर या." मी मान डोलावून घरी. आठ दिवसांनी परत गेलो, परत तेच. दोन्ही वेळा मी जॉबशीट (तक्रार नोंदवल्याची पावती) मागितली नाही. माझी सगळ्यात महागडी चूक हीच, लॅपटॉप निवडण्यातली नाही! जुलैत तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "ग्राफिक्स चिप गेली. ती मदरबोर्डवरच सोल्डर असते, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल. वॉरंटी संपली." मी म्हटलं, मेमध्ये दोनदा येऊन गेलो न! तर म्हणे, सिस्टिममध्ये तुमची एकही एंट्री नाही. 21 हजार 500 मोजले. नव्या बोर्डाला वॉरंटी 90 दिवसांची, आणि पुढच्या नवतपात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पुन्हा तोच निळा पडदा. आजही त्या रस्त्याने जाताना मी मान फिरवतो.

शेवटी शेजारच्या पोराने डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि ती वेगळी चिप डिसेबल केली. दोन मिनिटांचं काम, फुकट. त्यानंतर तो लॅपटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर तीन वर्षं चालला. टॅली तसंच, यूट्यूब तसंच, उलट बॅटरी जास्त टिकली आणि पंख्याची घरघर कमी झाली. म्हणजे ज्या चिपपायी एवढं झालं, तिचं माझ्याकडे कामच नव्हतं. (सगळ्यांचा आजार असा बरा होईल असं नाही. माझ्यात स्क्रीन प्रोसेसरच्या ग्राफिक्सला जोडलेला होता म्हणून जमलं.)

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: तुमच्या यादीत वेगळ्या ग्राफिक्सची गरज असलेलं एकही काम नाही. ग्राफिक्सचे 4 जीबी क्रोमच्या टॅबना मिळत नाहीत. यूट्यूबचा व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सात वेगळा भाग असतोच. इंटेलच्या 11 व्या पिढीपासून तो एव्ही1 हा नवा व्हिडिओ प्रकार सुद्धा उलगडतो. ब्लेंडर, जड थ्रीडी, 4के एडिटिंग, मोठे गेम असतील तर गोष्ट वेगळी, तिथं मी गप्प. पण "पुढे लागेल" म्हणून आज घेऊ नका. वरून तो सव्वादोन किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा अडॅप्टर रोज मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत पोरीलाच न्यायचा आहे.

तोच पैसा रॅममध्ये टाका. 16 जीबी, आणि 8-8 च्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या). आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. डीडीआर4-3200 या प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी देते, दोन स्टिक दोन चॅनेलवर (वाटांवर) 51.2. इंटेलच्या 11 व्या पिढीत तर एकच स्टिक असली की 'आयरिस एक्सई' (इंटेलचं वरचं ग्राफिक्स) लिहिलेलं मशीन विंडोजमध्ये स्वतःला नुसतं 'यूएचडी' (साधं ग्राफिक्स) म्हणवतं. दुकानदार हे सांगत नाही. आणि एएमडीवाल्यात 8 जीबीतले थोडे ग्राफिक्ससाठी आधीच राखून ठेवलेले दिसले तर घाबरू नका, फसवणूक नाही ती.

विषय निघालाच आहे तर, लॅपटॉप कूलरच्या अगदी तोंडापुढे ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांतून ओल आणि धूळ दोन्ही येतात. मार्चअखेर पंखा साफ करून घ्या, गादीवर ठेवून वापरू नका. सर्व्हिस सेंटरला नुसतं "बघून द्या" म्हणायला गेलात तरी तारीख आणि तक्रार लिहिलेली जॉबशीट घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. दोष फक्त गरमीत येत असेल तर घरीच स्क्रीनचा व्हिडिओ काढून न्या. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. मला ती तेव्हा सुचली नाही.

दुकानदाराने दाखवलेल्या मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर टाका, आणि रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे की रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे, तेवढं त्यालाच विचारून या.