मिक्सरवर कॉफी दळू नको भाऊ
मिक्सरच्या ब्लेडने बी कापली जाते, अर्धी पीठ अन् अर्धी खडे, म्हणून कप एकाच वेळी कडू पण लागतो आन पाणचट पण. वरून भांड्याला काळ्या मसाल्याचा वास, मी जळगावात दोन महिने तसलीच कॉफी प्यायलो 😄

बर्र वाला (म्हणजे दोन दातेरी चाकांमध्ये बी भरडणारा) हँड ग्राइंडर घे, स्टीलचे बर्र बघ, सिरॅमिक नको, लाइट गेली तरी चालतो. दांडा हलव, आतला शाफ्ट, म्हणजे मधली दांडी, लचकत असेल तर सोडून दे. १५ ग्रॅमला मिनिटभर हात फिरतो, बस. फ्रेंच प्रेसला (जाळीने गाळ खाली दाबायचं भांडं) जाड्या रव्यासारखं दळ, साउथ इंडियन फिल्टरला त्याहून बारीक. एस्प्रेसोचं खूळ सध्या राहू दे, त्याला महागडा लागतो.