चेकला शह

प्रश्न असा आहे: बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि "निघायच्या आधी हवा चेक कर" यातला चेक, हे तीन शब्द की एकच?

एकच, आणि तो आपल्या ओळखीचा आहे: शह! फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर रोख धरला की समोरच्याला 'शाह' म्हणून सावध करायचं. हाच शब्द अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशी वळणं घेत इंग्लंडात पोचला तो 'चेक' होऊन. 'चेस' हे खेळाचं नाव म्हणजे मुळात त्याचंच अनेकवचन. मराठीने मात्र शह आणि मात फारसीतून जवळजवळ जसेच्या तसे उचलले, शिवाय काटशह पदरचा जोडला.

शह बसला की बाकी डाव सोडून आधी राजाला वाचवावं लागतं. म्हणून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. त्यातून पुढे तपासणं. चेकनाक्यावर दोन्ही अर्थ अजून शेजारी उभे असतात, आधी गाडी अडवतात, मग डिकी उघडायला लावतात. शर्टावरच्या चौकड्या म्हणजे पटावरची घरं, त्यात फार काही नाही.

खरी गंमत बँकेच्या चेकची. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजायला दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज असे. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड पसरायचं आणि चौकोनांत सोंगट्या मांडून हिशेब करायचा. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानेच हे वर्णन लिहून ठेवलंय. मेज पटासारखं, म्हणून खात्याचं नाव 'एक्स्चेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो. अठराव्या शतकात 'चेक' म्हणत ते पैसे देण्याच्या चिठ्ठीच्या स्थळप्रतीला, कारण तिच्यामुळे बनावटगिरीला आळा बसे. नंतर ते नाव चिठ्ठीलाच चिकटलं. स्पेलिंगमधला 'क्यू' एक्स्चेकरच्या वळणावर गेला; अमेरिकनांनी तो घेतलाच नाही.

चेक प्रजासत्ताकाला यात ओढू नका. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे. इंग्रजीत check, cheque, Czech अशी तिघांची स्पेलिंगं वेगळी, देवनागरीत सगळे एकाच पंगतीला.