एमएम 540 मध्ये दीड लाखात डीआय इंजिन आणि गिअरबॉक्स बसवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातली 1989 ची महिंद्रा एमएम 540 जीप, इंजिन संपलंय, गिअरबॉक्स आवाज करतो, हातात दीड लाख आहेत आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या चिखलात चालेल असं बोलेरोचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं) इंजिन गिअरबॉक्ससकट बसवायचं आहे.

बसतं. दीड लाखातही बसतं, फक्त इंजिन सगळ्यात शेवटी विकत घ्या. अशा कामात पैसा इंजिनात कमी आणि इंजिन ते चाक यांच्या मधल्या वस्तूंत जास्त जातो. म्हणून हिशेब चाकापासून सुरू करून पुढे इंजिनापर्यंत न्यायचा.

पण आधी मोठी फसगत सांगतो. भंगारात निघणाऱ्या बोलेरो बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह असतात. त्यांच्या गिअरबॉक्सचा मागचा भाग थेट प्रोपेलर शाफ्टला जातो, तिथे ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना वाटणारी पेटी) बसत नाही. फोर बाय फोरसाठी मेन शाफ्ट आणि मागचं हौसिंग दोन्ही वेगळं असतं. 'इंजिन-गिअरबॉक्स सेट स्वस्तात देतो' असं ऐकून उचललात तर चालू इंजिन आणि निकामी फोर बाय फोर एवढंच पदरात पडेल. त्यामुळे मेजर, एमएम 550 डीआय किंवा थार डीआय यांपैकी कारखान्यातूनच फोर बाय फोर आलेल्या गाडीचा पूर्ण सेट शोधा: इंजिन, बेलहौसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), गिअरबॉक्स, ट्रान्सफर, लिव्हर, दोन्ही शाफ्ट, फाउंडेशन (इंजिन चासीवर धरणारे पाय), रेडिएटर, सेल्फ, अल्टरनेटर, सगळं एकाच गाडीचं. सुटं सुटं गोळा केलेलं सामान दिसायला स्वस्त असतं, पण फरक लेथवर भरून द्यावा लागतो.

याच्या आधी आणखी एक पर्याय तपासाच. तुमच्या गाडीत मूळचं प्यूजोचं एक्सडीपी 4.90 असणार: 90 मिमी बोअर, 83 स्ट्रोक, 2112 सीसी. त्याच घराण्यातलं एक्सडी3पी, 94 बोअर आणि 90 स्ट्रोकचं, 2498 सीसी, आर्माडात आणि सुरुवातीच्या बोलेरोत यायचं. घराणं एकच असल्यामुळे फाउंडेशन आणि बेलहौसिंगची तोडफोड बरीच कमी होते. तरी आपलं माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. डीआयची बाजू अशी की त्याचे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि जोर खालच्या आरपीएमला येतो. सीआरडीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल, इंजिनाचा विचार या बजेटात सोडून द्या. त्याला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर, पूर्ण वायरिंग, इलेक्ट्रॉनिक पेडल, सगळं मूळ गाडीचंच लागतं.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं बदली इंजिन नोंदवून घेणं सोपं; वेगळ्या क्षमतेचं इंजिन हा वेगळा विषय आहे. तुमची गाडी केए 22 ची असेल तर सामान घेण्यापूर्वी बेळगाव आरटीओत लेखी विचारा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, आणि तिथे इंजिन नंबर बघतात. आपल्याकडे निम्मं सामान कोल्हापूर-सांगलीकडून येतं. एमएच 09 किंवा एमएच 10 च्या गाडीचं इंजिन असेल तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, विक्रीची पावती आणि न घासलेला स्वच्छ इंजिन नंबर, या तिन्हीशिवाय हात लावू नका. परवानगी मिळत नसेल तर स्वतःचाच ब्लॉक बोअर करून इंजिन बांधणं हाच खरा स्वस्त मार्ग.

आता चाकापासून. मागची दोन्ही चाकं उचला, एक अडवून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. तोच तुमच्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअर जोडीचा, रेशो. पावणेपाचच्या थोडं वर आलं तर 4.88, म्हणजे 39 ला 8 दात. सव्वापाचच्या वर आलं तर 5.38, म्हणजे 43 ला 8. पुढचंही तसंच मोजा. दोन्हीकडे एकच रेशो पाहिजे, नाहीतर फोर बाय फोर टाकल्यावर शाफ्ट पिळून त्याच्या सांध्यातले क्रॉस तुटतात.

6.00-16 टायर एका फेऱ्यात सुमारे 2.2 मीटर जातो. समजा पहिला गिअर 4, ट्रान्सफरचा लो 2.46 आणि क्राउन 4.88. गुणाकार 48. इंजिन 800 वर असताना गाडी ताशी सव्वादोन किलोमीटरने सरकते. लाल चिखलात आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर हाच वेग कामाचा. कोणी 3.73 चा क्राउन सुचवला तर हाच वेग तीनच्या जवळ जातो आणि तुम्ही क्लच जाळायला लागता. उलट 4.88 वर टॉप गिअरला, तो एकास एक असेल तर, 3000 आरपीएमला ताशी साधारण 81 किलोमीटर मिळतात. डीआय इंजिन याच्या फार वर पळवायचं नसतं. म्हणजे रानासाठी क्राउन तसाच ठेवा. पाचवा गिअर मिळाला तर हायवेची सोय होते.

पण पाच गिअरचा बॉक्स लांब असतो, आणि तुमचा व्हीलबेस फक्त 91 इंच आहे. बॉक्स जेवढा लांबतो तेवढा मागचा शाफ्ट आखूड होतो. ट्रान्सफरचं आउटपुट आणि डिफ (ॲक्सलमधला क्राउनचा गोळा) यांच्या उंचीत 9 सेंमी फरक असेल तर 60 सेंमी शाफ्टला कोन साडेआठ अंशांचा. शाफ्ट 45 सेंमी झाला की तोच साडेअकरा. अशा शाफ्टचे क्रॉस टिकत नाहीत आणि गाडी वेगात थरथरते. दोन्ही टोकांचे कोन एकमेकांशी जुळले पाहिजेत, एका अंशाच्या आत. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवा आणि गाडी उभी असताना स्लिपमध्ये (शाफ्टच्या सरकत्या सांध्यात) दोन्ही बाजूंना तीन-चार सेंमी खेळ सोडा. लांबी आधी लाकडी पट्टीवर आखून बघा. शाफ्ट कापायचा तो इंजिन-बॉक्स पक्के झाल्यावरच.

दुसऱ्या कंपनीचा बॉक्स जोडायचा झाला तर अडॅप्टर प्लेट लागते. गॅस कटरने कापलेली प्लेट नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिलिंगवर डॉवेल पिनांच्या भोकांसह करून घ्या. प्लेट 12 मिमीची असेल तर इनपुट शाफ्टही 12 मिमी मागे सरकतो आणि फ्लायव्हीलच्या पायलट बुशमध्ये अर्धवट बसतो. त्यासाठी लांब बुश काढावा लागतो. तो विसरला की काही महिन्यांत इनपुट बेअरिंग ओरडायला लागतं आणि सगळे गिअरबॉक्सला दोष देतात. जोडल्यावर बेलहौसिंगचं भोक डायल गेजने क्रँकशी तपासा, 0.25 मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका.

दीड लाखाचे भाग मी असे पाडेन: पूर्ण सेट 60 हजार, क्लच-सील-बेअरिंग-नोझल-पंप 25, शाफ्ट आणि मशीनिंग 20, ब्रेक 12, रेडिएटर-पाइप-वायरिंग 13, आणि 20 हजार हात न लावता बाजूला. सेटच 75 च्या पुढे जात असेल तर प्लॅन बदला. ब्रेकच्या पैशांतून तो भरून काढू नका.

विकत घ्यायचं वापरलेलं इंजिन थंड असताना चालू करून बघा. ऑइलचं झाकण उघडल्यावर धुराचा जोर येतोय का, टर्बो असेल तर त्याच्या शाफ्टला खेळ आहे का, सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आहे का, हे तपासा. आणि भंगारवाल्याच्या काट्यावर गाडीतलं आणि हे, दोन्ही इंजिनं वजन करून घ्या. हे जड असेल तर पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत भर घालावी लागेल.

इंजिन ठेवताना आधी नुसतं टाक वेल्डिंग (तात्पुरते टाके) करा. मग पुढचा ॲक्सल जॅकने बंपस्टॉपला टेकवा. डिफ आणि संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) यांच्यात, तसंच पुढचा शाफ्ट आणि सायलेन्सर पाइप यांच्यात, किमान चार सेंमी मोकळी जागा दिसली पाहिजे. सपाट जमिनीवर सगळं छान बसतं आणि पहिल्याच चरात संप फुटतो, तो हे न केल्यामुळे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडा.

फॅन आणि रेडिएटरमध्ये दोन-अडीच सेंमी अंतर आणि शेराउड (फॅनभोवतीचं आवरण) हवाच. पावसाळ्यात लाल माती जाळीत बसून वाळली की अर्धा रेडिएटर बंद होतो. इंजिनाचा जोर वाढला तर ब्रेकला बूस्टर बसवा. डिझेलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो, तो अल्टरनेटरमागच्या पंपाकडून येतो, आणि त्या पंपाच्या ऑइलची परतीची नळी जाड व उताराची ठेवावी लागते. ॲक्सलच्या ब्रीदरला (हवा जायच्या छिद्राला) नळी लावून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या, नाहीतर ओढ्यात गरम हौसिंग पाणी आत ओढतं. क्राउनमध्ये जीएल-5 ऑइल, पण पितळी सिंक्रोच्या गिअरबॉक्समध्ये जीएल-4 च घाला.

पहिल्या स्टार्टला डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा, मगच हवा काढून चालू करा. सुरुवातीचे 500 किलोमीटर बेळगाव-खानापूर अशा सपाट रस्त्यावर काढा. चोर्ला घाट नंतर. शंभर किलोमीटरला फाउंडेशन, शाफ्टचे फ्लँज आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, आणि 500 ला गिअरबॉक्स, ट्रान्सफर दोन्हीचं ऑइल काढून त्यात लोखंडाचा भुगा दिसतो का ते बघा.